२८ लाखांची गाडी, ८० लाखांचे पार्ट

पत्र: मी कोथरूडला राहतो. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. घरात आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, सोळा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. सध्या २०१८ ची इनोव्हा क्रिस्टा वापरतो. गाव गुहागरजवळ, वर्षातून चार-पाच वेळा सगळे मिळून जातो. धंद्याला बरे दिवस आलेत आणि मोठी लक्झरी एसयूव्ही घ्यायची माझी फार जुनी इच्छा आहे. बजेट ६० लाख, ताणून ६५. एका एजंटने दिल्ली पासिंगची २०१७ ची मर्सिडीज जीएलएस ३५० डी दाखवलीये, ६२ हजार किलोमीटर चाललेली, २८ लाखांत. दुसरी गाडी पुण्यातलीच, एका मालकाची २०२२ ची व्होल्व्हो एक्ससी ९०, अधिकृत डीलरच्या जुन्या गाड्यांच्या विभागात, ५८ लाखांना. की सरळ कर्ज काढून नवी ऑडी क्यू ७ घेऊ? बायको म्हणते, इनोव्हा चांगली चाललीये. बाबा म्हणतात, लावणार कुठे? जीएलएसवाला एजंट रविवारपर्यंत एक लाख टोकन मागतोय. गाडी कंपनीच्या नावावर घ्यावी का, तेही सांगा.
– एक वाचक, कोथरूड

नमस्कार,

रविवार जवळ आला आहे, म्हणून तेवढं आधी सांगते. जीएलएसचं टोकन देऊ नका. तुमची इच्छा मला चुकीची वाटत नाही. युनिट उभं करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशातून आवडीची गाडी घ्यावी, त्यासाठी कुणाला कारणं देत बसायची गरज नाही. पण तुमच्यापुढच्या तीन पर्यायांत ही जीएलएस सगळ्यात महागाची आहे, आणि हे तिच्या २८ लाखांच्या पाटीवरून कळत नाही.

जीएलएस ३५० डी २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ८० लाखांच्या घरात होती. आपल्या चाकणलाच जोडली जायची. आज ती तुम्हाला २८ लाखांत मिळते, कारण गाडीचा भाव उतरला. तिच्या पार्टचा भाव मात्र उतरलेला नाही. हेडलाइट, एअर सस्पेन्शन, टर्बो, गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक काम, सगळं त्या ८० लाखांच्या गाडीच्या भावातच येणार, उलट आजच्या दराने थोडं जास्तच. इनोव्हाचा हिशोब डोक्यात ठेवून माणूस इथेच फसतो. इनोव्हाला २८ लाखांची गाडी म्हणून जो खर्च येतो, तसा हिला येईल असं वाटतं. तसा येत नाही.

किलोमीटर कमी आहेत, हे एजंट तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगत असणार. ६२ हजार खरे असले तरी गाडीचं वय त्याने कमी होत नाही. या गाडीचं सस्पेन्शन हवेच्या रबरी फुग्यांवर असतं. रबर चालून झिजतं तसं नुसतं उभं राहूनही कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. मग हवा हळूहळू गळते. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, स्टार्ट केली की उठते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि काही महिन्यांत तोही जातो. अशा वेळी पहिलं बिलच लाखांत असतं. या गाडीच्या तीन लिटरच्या व्ही ६ डिझेल इंजिनात ऑइल कूलर दोन सिलिंडरांच्या रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेला आहे. त्याची सीलं म्हातारी झाली की ऑइल झिरपतं. सीलं स्वस्त असतात, पण तिथपर्यंत हात पोहोचायला इंजिनावरचं बरंच काही उतरवावं लागतं, आणि पैसे त्या मजुरीचे जातात. हे इंजिन वाईट नाही, उलट दमदार म्हणून ओळखलं जातं. पण या वयात हा प्रश्न येणारच, असं धरूनच भाव करायचा असतो. तुमच्या एजंटने तो धरलेला दिसत नाही.

आता दिल्लीचं. तिथून येणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्त का असतात, हे नीट समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढेही हा विषय कोर्टात वर-खाली होत राहिला, पण तिथल्या मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच. २०१७ च्या डिझेल गाडीला २०२७ मध्ये दहा वर्षं भरतात. म्हणून ती आज तिथून निघते आहे. एवढ्यावरून गाडी खराब ठरत नाही, पण तो 'सौदा' तुमच्यासाठी खास आलेला नाही, हे लक्षात असू द्या. त्याशिवाय तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे नमुना २८, इथला वयानुसार येणारा रोड टॅक्स, तिकडे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी खेटे, नवा एमएच नंबर, नवी नंबरप्लेट. एजंट म्हणतो 'सगळं करून देतो', तेव्हा कोणत्या तारखेपर्यंत आणि नाही झालं तर पैसे परत कसे, हे कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच थंडावतं.

आणि पाणी. जुलै २०२३ मध्ये यमुनेचं पाणी दिल्लीच्या वस्त्यांत शिरलं होतं. पुराची गाडी धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या राज्यात विकली जाते, कारण तिथे तिचा इतिहास कुणाला ठाऊक नसतो. हे पुण्याच्या गाडीलाही लागू आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रोडला एकता नगरीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा एक्ससी ९० असो की दुसरी कोणती, आरसीवरचा पत्ता बघा आणि त्या आठवड्यात गाडी कुठे होती, हे सरळ विचारा. मग स्वतः तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते, तिथपर्यंत कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखाली ओल आहे का, ते बघा. या गाड्यांत वायरिंगची कित्येक कंट्रोल युनिटं पायाखालीच असतात. पाणी गेलेली लक्झरी गाडी वर्षभर बरी चालते आणि मग रोज एक नवा दिवा लावते.

एक्ससी ९० कडे मी जास्त आशेने बघते. ही जीएलएसपेक्षा एक माप लहान आहे, तरी इनोव्हापेक्षा लांब आणि रुंदच. २०२२ ची म्हणजे दोन लिटरचं पेट्रोल, माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला छोट्या बॅटरीची थोडी मदत. कोथरूड ते भोसरी रोजच्या गर्दीत लिटरला सात-आठच्या पुढे अपेक्षा धरू नका. मोठ्या बीएस ६ डिझेल गाड्यांना शहरातल्या छोट्या फेऱ्या मानवत नाहीत, धुराचा फिल्टर तुंबतो, त्या भानगडीतून ही सुटते. पण ५८ लाख मला जास्त वाटतात. २०२५ मध्ये एक्ससी ९० ची सुधारित आवृत्ती भारतात आली, म्हणजे ही आता जुन्या तोंडवळ्याची झाली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. मोठ्या डिझेल-पेट्रोल एसयूव्हींवर त्याआधी २८ टक्के जीएसटी अधिक २२ टक्के उपकर असा ५० टक्क्यांचा भार होता. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा विक्रेता मात्र अजूनही 'साहेब, नवी तेव्हा एवढ्याला घेतलीये' म्हणून २०२२ चं बिल दाखवतो. तुम्ही आजची नव्या गाडीची किंमत टेबलावर ठेवा आणि तिथून खाली या.

भाव करण्याआधी चार गोष्टी मागा. एक, चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधली संपूर्ण सर्व्हिस हिस्ट्री. फक्त सर्व्हिस बुकावरचे शिक्के चालणार नाहीत. प्रत्येक नोंदीतले किलोमीटर चढत गेलेत का, ते बघा. मीटर मागे घेतला असेल तर बहुतेक इथेच सापडतो. दोन, चालू विमा पॉलिसीची प्रत. तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, किती टक्के आहे ते वाचा. 'एक ओरखडा नाही' म्हणणाऱ्या मालकाच्या चार वर्षांच्या गाडीला बोनस शून्य असेल, तर बहुधा मधे क्लेम झालेला आहे, आणि तो कशाचा हे त्याने सांगायला हवं. तीन, अधिकृत विभाग जी वॉरंटी देतो तिचा मूळ कागद. त्यात एअर सस्पेन्शन, मोठा स्क्रीन, ४८ व्होल्टची बॅटरी आणि गिअरबॉक्स आहेत की वगळलेत? वगळले असतील तर ती वॉरंटी शोभेची. आणि चार, या गाडीत किती इथेनॉलचं पेट्रोल चालतं याचं लेखी उत्तर. पंपांवर आता ई २० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि गाडी एप्रिल २०२३ च्या, म्हणजे नव्या गाड्या ई २० ला चालतील अशा बनू लागल्या त्याच्या, आधीची आहे.

वाहन पोर्टलवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, एवढं तुम्ही स्वतः दहा मिनिटांत बघू शकता. ई-चलनंही तपासा.

तुमच्या बाबांचा प्रश्न मला या सगळ्या पत्रातला सगळ्यात शहाणा वाटला. कोथरूडच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये पार्किंगची चौकट साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते, जुन्या इमारतींत त्याहूनही लहान. तुमची इनोव्हा ४.७३ मीटर लांब आहे. एक्ससी ९० आहे ४.९५, ती २०१७ ची जीएलएस ५.१३ आणि नवी क्यू ७ पाच मीटरच्या वर. रुंदीत आरसे धरले तर या सगळ्या दोन मीटर ओलांडतात. बाजूला खांब असेल तर दार उघडून आईला कसं उतरवणार? 'मी बाहेर उतरवीन' म्हणाल, पण पावसात, मागे गाड्या खोळंबलेल्या असताना, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोज जमत नाही. सोसायटीत स्टॅक पार्किंग असेल तर त्या मशिनवरची पाटी वाचा. वजन आणि उंचीची मर्यादा तिथे लिहिलेली असते. एक्ससी ९० रिकामीच दोन टनांच्या पुढे जाते, जीएलएस अडीच टनांच्या आसपास. पाटीवर दोन टन असेल तर प्रश्न मिटला, सेक्रेटरी ओळखीचे असले तरी. मेजरिंग टेप घेऊन आज संध्याकाळीच खाली उतरा आणि बाबांना बरोबर घ्या.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. सहाही जण जा. एक्ससी ९० ची तिसरी रांग खुद्द व्होल्व्होने १७० सेंटिमीटरपर्यंतच्या माणसासाठी आखलेली आहे. आज मुलगा आरामात बसेल, तीन वर्षांनी कुरकुरेल. तिसरी रांग उभी असताना मागे दोन-तीन लहान बॅगांची जागा उरते, आणि गुहागरहून परतताना आंब्यांच्या पेट्या कुठे ठेवणार हा प्रश्न गंमतीचा नाही. एअर सस्पेन्शनच्या बऱ्याच गाड्या उभ्या असताना खाली बसवता येतात. आईंना चढ-उतार त्या स्थितीत करून बघू द्या, घाई न करता, दोन-तीनदा. त्यांना जड गेलं तर बाकीच्या तपासणीत वेळ घालवू नका.

गावच्या रस्त्याचंही बोलू. पाटण, कोयना ओलांडून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. पावसाळ्यानंतर तिथले खड्डे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असतील. २१ इंची चाकं शोरूममध्ये देखणी दिसतात, पण त्यांच्या टायरची भिंत बुटकी असते. खड्ड्याच्या धारेवर आपटली की टायर फुगतो किंवा रिमच वाकते. त्या मापाचा टायर चिपळूणच्या दुकानात तयार असेल अशी आशा धरू नका. एकाच मॉडेलमध्ये १९ किंवा २० इंचाचा पर्याय असेल तर तोच घ्या. चार नवे टायर म्हणजे लाखाच्या पुढे जाणार, हेही मनाशी असू द्या. बघायला गेलेल्या गाडीचे टायर झिजलेले असतील तर तो आकडा भावातून वजा करायला सांगा, संकोच नको.

नवी क्यू ७ घ्यायची का? माझ्या मते नको. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स आहे. ८५ लाखांच्या पेट्रोल गाडीवर तो ११ लाखांहून जास्त होतो. हे पैसे गाडी विकताना परत येत नाहीत. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, तो निदान रिटर्नमध्ये वळता होतो. विम्याच्या तक्त्यातच तीन वर्षं ओलांडलेली गाडी ४० टक्क्यांनी उतरलेली धरतात. हा उतार पहिल्या मालकाने सोसलेला असेल तर तुम्ही कशाला सोसायचा? त्यात तुमचं बजेट ६५ पर्यंतच. उरलेल्यासाठी कर्ज काढाल, आणि धंद्याच्या ओव्हरड्राफ्टला एखाद्या महिन्यात ताण आला तर हप्ता तसाच उभा राहील. तुमच्या पत्रात 'धंद्याला बरे दिवस आलेत' असं आहे. ते दिवस युनिटला लागतील तेव्हा लागू द्या.

कंपनीच्या नावावर घेऊ नका असं सरसकट सांगता येत नाही, पण आधी आकडे बघा. कंपनीच्या नावावरच्या नव्या गाडीला इथे रोड टॅक्स २० टक्के. त्याच ८५ लाखांवर फरक सहा लाखांच्या आसपास जातो. बदल्यात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तो घटत्या किमतीवर. जीएसटीचं क्रेडिट मात्र अशा प्रवासी गाडीवर सहसा मिळत नाही, आणि कितीतरी जण ते मिळेल असं गृहीत धरून बसतात. जुनी गाडी वैयक्तिक नावावरून कंपनीच्या नावावर घेताना टॅक्सचा फरक भरावा लागेल का, हे सीएंना आणि आरटीओत विचारून मगच ठरवा. माझा कल तुमच्या स्वतःच्या नावाकडे आहे.

आता माझा सल्ला एका दमात. पार्किंग बसलं, आईंना चढता आलं आणि वॉरंटीचा कागद पक्का असला तर एक्ससी ९० बावन्न-त्रेपन्नच्या आसपास आणायचा प्रयत्न करा. नाही जमलं तर तीन-चार वर्षांच्या, अधिकृत हिस्ट्री असलेल्या, एमएच १२ किंवा एमएच १४ च्या एका मालकाच्या दुसऱ्या गाड्या बघत राहा. या बाजारात घाई विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. आणि जी घ्याल तिच्यासाठी पाच-सहा लाख पहिल्या वर्षाच्या खर्चाला बाजूला ठेवा, गाडीच्या किमतीत धरूनच. म्हणजे तुमचं ६० चं बजेट हे खरं ५४ चं बजेट आहे.

बायकोचं म्हणणं मी अर्धं उचलते. इनोव्हा विकू नका, निदान वर्षभर तरी. ती युनिटवर उभी राहील. लक्झरी गाडीचा एखादा पार्ट मागवावा लागला की गाडी वर्कशॉपमध्ये अडकते, आणि त्या दिवसांत आईंना डॉक्टरांकडे न्यायला घरात एक गाडी असली की तुमची चिडचिड निम्मी होते. इनोव्हाच्या विक्रीतून येणारे पैसे तुम्ही बजेटमध्ये धरले असतील तर ते काढून टाका आणि मग परत हिशोब करा.

सौदा ठरला की पैसे बँकेतून, मालकाच्याच खात्यावर. टोकन दिलंच तर पावतीवर गाडी नंबर, ठरलेली किंमत आणि 'तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत' एवढं लिहून घ्या. तपासणी तुम्ही निवडलेल्या वर्कशॉपमध्ये, लिफ्टवर चढवून आणि स्कॅनर लावून होऊ द्या. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ट्रान्सफरचा अर्ज ऑनलाइन चढवून पावती तुमच्याकडे ठेवा. आणि विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या, इंजिन प्रोटेक्शन आणि झिरो डेप्रिसिएशनसकट. जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीवर गाडी घेऊन घाट उतरू नका.